साकुरा ते कोनिका: तिसऱ्या रोलची गोष्ट

घरातल्या अल्बममधून १९९० च्या आसपासचा एखादा रंगीत फोटो अलगद बाहेर काढा आणि उलटा करा. पाठीवर फिकट राखाडी अक्षरांत कागद बनवणाऱ्या कंपनीचं नाव छापलेलं दिसेल. बहुतेक वेळा ते तीन नावांपैकी एक असतं: कोडॅक, फुजी किंवा कोनिका. कोडॅक सगळ्यांना पाठ आहे. फुजीचे कॅमेरे आजही दुकानात मिळतात. कोनिकाचं नाव काढलं की लोक म्हणतात, "हो, आमच्या गावातल्या कलर लॅबवर पाटी होती की!" आणि विषय तिथेच संपतो.

खरं तर या तिघांत वयाने सगळ्यात मोठी कोनिकाच. तिचा धंदा सुरू झाला १८७३ मध्ये, म्हणजे जॉर्ज ईस्टमनने अमेरिकेत कंपनी काढण्याच्याही आधी. १९८७ पर्यंत तिच्या रोलचं नाव होतं साकुरा. साध्या माणसाचा फोटो नेमका कुठे फसतो, हे या कंपनीइतकं बारकाईने क्वचितच कुणी पाहिलं असेल. तरीही रोलच्या धंद्यातून ती आधी बाहेर पडली. असं का झालं, ते समजायला रोल बनतो कसा हेही थोडं समजून घ्यावं लागतं.

औषधाच्या दुकानातून

तोक्योच्या कोजिमाची भागात कोनिशीया नावाचं औषधांचं दुकान होतं. तिथे काम करणाऱ्या सुगिउरा रोकुसाबुरोने १८७३ मध्ये फोटोग्राफीचं आणि शिळाछपाईचं सामान विकायला सुरुवात केली. औषधाच्या दुकानात फोटोचं सामान, हे आज विचित्र वाटेल. पण त्या काळी फोटो काढणं म्हणजे निम्मं रसायनशास्त्रच होतं. काचेची पट्टी फोटोग्राफरने स्वतः तयार करायची, तिच्यावर चांदीच्या क्षारांचा लेप चढवायचा आणि ती ओली असतानाच फोटो काढून धुवायची. लागणारी सिल्व्हर नायट्रेटसारखी रसायनं औषधविक्यांकडेच मिळत. जपानमध्ये मेइजी राजवट येऊन तेव्हा पाचच वर्षं झाली होती आणि परदेशी वस्तूंबद्दल विलक्षण कुतूहल होतं. १८७८ मध्ये सुगिउराने निहोनबाशीत स्वतःचं वेगळं दुकान थाटलं.

आयात केलेला माल विकता विकता तो स्वतः माल बनवण्याकडे वळला. १९०२ मध्ये तोक्योच्या त्या वेळच्या वेशीवर, योदोबाशीला, रोकुओशा नावाचा कारखाना उभा राहिला. पुढच्याच वर्षी तिथून साकुरा नावाचा फोटोचा कागद आणि चेरी नावाचा छोटा कॅमेरा बाजारात आला. आज त्या परिसरात शिंजुकूच्या गगनचुंबी इमारती आहेत. तिथल्या मध्यवर्ती उद्यानात, जपानचा फोटोउद्योग इथे जन्मला असं सांगणारा स्मृतिस्तंभही आहे. सुगिउरांच्या घराण्याने १९२३ मध्ये फोटोग्राफी शिकवणारी शाळा काढली. तिचंच पुढे तोक्यो पॉलिटेक्निक विद्यापीठ झालं.

कागद जमला, कॅमेरा जमला, फिल्म मात्र जमायला आणखी पंचवीस वर्षं लागली. साकुरा फिल्म बाजारात आली १९२९ मध्ये. जपानमध्ये बनलेल्या पहिल्या काही फिल्मपैकी ती एक. फुजीची स्थापना त्यानंतर पाच वर्षांनी, १९३४ मध्ये झाली.

एवढा वेळ का लागला?

फिल्मचे मुख्य भाग दोन: खाली पारदर्शक पट्टी आणि तिच्यावर प्रकाशाला जागणारा लेप. लेप बनवण्याची कृती वहीत दोन ओळींत मावते. कोमट जिलेटिनमध्ये सिल्व्हर नायट्रेट आणि पोटॅशियम ब्रोमाइड एकत्र आणायचं की सिल्व्हर ब्रोमाइडचे सूक्ष्म स्फटिक तयार होतात. मग ते मिश्रण ठरावीक उष्णतेवर ठरावीक वेळ "पिकू" द्यायचं. विरजण लावताना दुधाचा कोमटपणा आणि वेळ थोडी चुकली की दह्याची चव बदलते, तसंच इथेही होतं. फरक एवढाच की इथलं जवळपास सगळं काम अंधारात चालतं आणि चूक फोटो धुतल्यावरच कळते.

यातली खरी गोम जिलेटिनमध्ये होती. ते जनावरांची हाडं आणि कातडी उकळून काढतात. एका खेपेच्या जिलेटिनने फिल्म तल्लख व्हायची, दुसऱ्या खेपेच्या जिलेटिनने मंद, आणि का ते कुणाला कळत नव्हतं. १९२० च्या दशकात कोडॅकच्या सॅम्युअल शेपर्डने याचा उलगडा केला. गंधकाची अत्यल्प संयुगं जिलेटिनमध्ये असली तर स्फटिक प्रकाशाला जास्त दाद देतात, आणि ती संयुगं येतात जनावरांनी खाल्लेल्या मोहरीसारख्या वनस्पतींमधून. म्हणजे गाईने कुठल्या कुरणात काय खाल्लं यावर तोक्योतल्या किंवा न्यूयॉर्कमधल्या फोटोचा उजेड ठरत होता! फिल्मचा कारखाना केवळ यंत्रं विकत आणून का उभा राहत नाही, याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

पट्टीचं दुखणं वेगळं होतं. सुरुवातीची सेल्युलोज नायट्रेटची पट्टी भडकन पेट घ्यायची. पुण्यात ८ जानेवारी २००३ रोजी फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात साठवलेल्या नायट्रेट फिल्मना आग लागली आणि भारतीय सिनेमाच्या सुरुवातीच्या काळातला अमोल ठेवा जळून गेला. फिल्म बनवणाऱ्या कंपन्यांनी त्याच्या कितीतरी आधीच ॲसिटेटची सुरक्षित पट्टी आणली होती ती याच धोक्यामुळे.

१९४० मध्ये कंपनीने साकुरा नैसर्गिक रंगांची फिल्म जाहीर केली. जपानची ही पहिली रंगीत फिल्म. कोडॅकची कोडाक्रोम आणि जर्मनीची आग्फाकलर येऊन तेव्हा चार-पाच वर्षंच झाली होती. रंगीत फिल्मची कल्पना अशी: एका लेपाऐवजी एकावर एक लेप. वरचा निळ्या प्रकाशाला जागतो, त्याखालचा हिरव्याला, सगळ्यात खालचा लालला. मध्ये एक पिवळी गाळणी, कारण चांदीचे क्षार मुळातच निळ्या प्रकाशाकडे ओढ घेतात, आणि उरलेला निळा तिथेच अडवला नाही तर खालचे थर बिघडतात. फिल्म धुताना प्रत्येक थरात चांदीच्या जोडीने एकेक रंग तयार होतो: पिवळा, किरमिजी आणि निळसर सायन. मग चांदी काढून टाकतात. तुमच्याकडच्या रंगीत निगेटिव्हमध्ये आता चांदी नाहीच, आहेत ते फक्त रंग. आणि हे सगळे थर मिळून जाडी किती? २० मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे केसापेक्षाही कितीतरी कमी. हे लेप काळोखात, मीटरमागून मीटर, कुठेही जाड-पातळ न होता चढवायचे असतात.

पण १९४० हे साल रंगीत फोटोंसाठी फार वाईट होतं. युद्धात सामान्य माणसाच्या हाती रंगीत रोल येण्याचा प्रश्नच नव्हता. १९४३ मध्ये कंपनीने कोनिशीरोकु फोटो इंडस्ट्री हे नाव घेतलं आणि हौशी फोटोंचा धंदा खऱ्या अर्थाने उभा राहिला तो युद्धानंतरच.

फुजीशी गाठ

फुजीचा जन्म वेगळ्या घरात झाला. सेल्युलॉइड बनवणाऱ्या एका मोठ्या कंपनीने आपला फिल्म विभाग वेगळा काढून ती स्थापन केली. तिचा कारखाना हाकोनेच्या पायथ्याशी आशिगाराला उभा राहिला, कारण लेपासाठी भरपूर स्वच्छ पाणी आणि धूळ नसलेली हवा लागते. कोनिशीरोकु कॅमेरे, भिंगं, कागद, फिल्म असं सगळंच करत होती. फुजीचा सगळा जोर फिल्मवर होता. युद्धानंतर काही काळ आघाडीवर असलेली साकुरा हळूहळू मागे पडत गेली.

रंगीत फोटोंच्या काळात साकुराला तिचं नावही नडलं, असं सांगतात. साकुरा म्हटलं की जपानी माणसाच्या डोळ्यांसमोर वसंतातला धूसर गुलाबी बहर येतो, तर फुजी म्हटलं की निळं आकाश आणि पांढरंशुभ्र शिखर. रोल विकत घेताना लोकांना वाटे, साकुराचे रंग गुलाबी आणि जरा पुसट येणार. प्रत्यक्षात तसं होतं की नाही, याला फारसा अर्थ नव्हता.

चार फोटो जास्त

१९७० च्या दशकात कोनिशीरोकुने जे केलं ते मला या सगळ्या इतिहासातलं सर्वांत हुशारीचं काम वाटतं. तेव्हा रोल मिळायचे २० फोटोंचे आणि ३६ फोटोंचे. ३६ चा रोल घरगुती माणसाला संपता संपत नसे. आपल्याकडेही हे घरोघरी व्हायचं: दिवाळीत भरलेला रोल मे महिन्याच्या सुट्टीपर्यंत कॅमेऱ्यातच, आणि शेवटी "रोल संपवायचाय" म्हणून कुंडीतल्या गुलाबाचे तीन फोटो. त्यात उष्णतेने आणि दमटपणाने काढलेल्या फोटोंचे रंग उतरायचे ते वेगळंच. उलट २० चा रोल ऐन वेळी संपायचा.

साकुराने २४ फोटोंचा रोल काढला आणि तो २० च्या किमतीला विकला. आता हिशेब बघा. ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर एका फोटोला कडेची आठ भोकं लागतात, म्हणजे ३८ मिलिमीटर लांबी. चार जास्तीच्या फोटोंसाठी लागते फक्त १५ सेंटिमीटर फिल्म. डबी, खोका, वाहतूक, दुकानदाराचं कमिशन सगळं तेवढंच. कंपनीला अगदी थोडा खर्च आणि गिऱ्हाइकाला चार फोटो फुकट! जाहिरातीत हागिमोतो किनइची हा लाडका विनोदी नट यायचा आणि यातला फायद्याचा रोल कोणता याचा नीट विचार करा, असं लोकांना सांगायचा. जपानमध्ये ती जाहिरात लोकांच्या तोंडी झाली. पुढे २० चा रोल दुनियेतूनच नाहीसा झाला. २४ आणि ३६ हीच दोन मुख्य मापं उरली, कोडॅक आणि फुजीच्या खोक्यांवरसुद्धा.

असंच त्यांनी कॅमेऱ्याबाबतही केलं. फसलेले फोटो बघितले तर त्यांच्यात दोन दोष पुन्हा पुन्हा सापडतात: उजेड कमी पडलेला किंवा फोकस चुकलेला. फ्लॅश तेव्हा वेगळा घ्यावा लागे, कॅमेऱ्यावर बसवावा लागे आणि अंतरानुसार कॅमेरा जुळवून घ्यावा लागे. घाईत ते कोण करणार? १९७५ मध्ये कोनिका सी-३५ ईएफ आला तो कॅमेऱ्याच्या अंगातच फ्लॅश घेऊन. तशी सोय घरोघरी पोचवणाऱ्या पहिल्या कॅमेऱ्यांपैकी हा एक. १९७७ मध्ये सी-३५ एएफ आला. बाजारात मोठ्या प्रमाणावर विकला गेलेला, आपोआप फोकस करणारा हा पहिला कॅमेरा. आतलं अंतर मोजणारं यंत्र अमेरिकेतल्या हनीवेल कंपनीचं होतं. दोन छोट्या खिडक्यांतून येणाऱ्या दोन प्रतिमा ते जुळवून पाहायचं आणि जिथे त्या जुळतील तिथे भिंग थांबायचं. माणसाने फक्त बटण दाबायचं. आज मोबाइलमध्ये आपण गृहीत धरतो त्या दोन्ही गोष्टी घरगुती कॅमेऱ्यात या कंपनीने आणल्या, आणि हे फार थोड्या लोकांना माहीत आहे याची मला मनापासून खंत वाटते.

त्यांचा आणखी एक कॅमेरा मला फार आवडतो. १९८० च्या दशकाच्या शेवटी आलेल्या त्या कॅमेऱ्याचं नावच होतं गेम्बा कान्तोकु, म्हणजे साइटवरचा मुकादम. जपानमध्ये बांधकामाच्या प्रत्येक टप्प्याचे फोटो काढून ठेवावे लागतात. त्यासाठी धूळ, पाण्याचे शिंतोडे आणि आपटणं सोसणारा, जाड हातमोजे घालूनही चालवता येईल असा कॅमेरा त्यांनी बनवला. सिमेंटने माखलेल्या हातांचा विचार करून कॅमेरा बनवणारी कंपनी, ही मला साधी गोष्ट वाटत नाही.

फिल्ममध्येही त्यांची धडपड चालूच होती. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांनी ३२०० वेगाची रंगीत फिल्म आणली. त्या वेळी इतकी तल्लख रंगीत निगेटिव्ह फिल्म दुसरी नव्हती. वेग म्हणजे कमी उजेडात फोटो टिपण्याची ताकद. स्फटिक मोठा केला की तो जास्त प्रकाश पकडतो, पण मग फोटोत दाणे दिसू लागतात. दाणे फार न वाढवता वेग वाढवणं हाच तर फिल्म बनवणाऱ्यांचा कायमचा झगडा.

शंभर वर्षांचा कागद

सुरुवातीला उलटा केलेला तो फोटो आता सुलटा करा. १९७० च्या दशकातले बरेच रंगीत फोटो आज लालसर, विटकरी दिसतात. त्याचं कारण सरळ आहे. त्या काळच्या कागदांमधला सायन रंग अंधारातसुद्धा, बंद अल्बममध्येसुद्धा हळूहळू उडत जायचा आणि मागे उरायचे किरमिजी आणि पिवळा. भिंतीवर टांगलेल्या, उन्हात राहिलेल्या फोटोंची गोष्ट वेगळी. तिथे सहसा किरमिजी रंग आधी जातो आणि फोटो हिरवट-निळा पडतो.

१९८४ मध्ये कोनिशीरोकुने नव्या सायन रंगाचा कागद आणला आणि त्याची जाहिरात शंभर वर्षं टिकणारा प्रिंट अशी केली. तो दावा अंधारात जपून ठेवलेल्या फोटोपुरता होता, आणि कोकणातल्या पावसाळ्यात कपाटाच्या तळाशी बुरशी धरणाऱ्या अल्बमला तो लागू पडत नाही. पण दिशा बरोबर होती. आपल्याकडच्या लग्ना-मुंजींच्या अल्बममधले १९८० च्या उत्तरार्धानंतरचे फोटो त्याआधीच्या फोटोंपेक्षा जास्त टवटवीत दिसतात, यामागे कागदाच्या रसायनशास्त्रातली हीच सुधारणा आहे. बाकीच्या कंपन्यांनीही याच सुमाराला आपले कागद सुधारले.

त्याच वर्षी त्यांनी पाण्याने न धुणारी मिनीलॅब, म्हणजे दुकानातच रोल धुऊन प्रिंट काढणारं छोटं यंत्र, आणली. आधी प्रिंट वाहत्या पाण्यात खळखळून धुवावे लागत. या यंत्रात पाण्याऐवजी एक स्थिर करणारं द्रावण असायचं, म्हणून नळजोडणी नसली तरी लहानशा गाळ्यात लॅब टाकता येऊ लागली. "एका तासात फोटो" अशा पाट्या चौकाचौकांत दिसू लागल्या, त्याला अशाच आटोपशीर यंत्रांनी हातभार लावला. १९८७ मध्ये कंपनीने स्वतःचं आणि रोलचं नावही कोनिका केलं. कॅमेऱ्यांमुळे ते नाव जगात आधीच रुळलं होतं. आपल्याकडे पोचलं ते हेच नाव.

मग हरली कशाने?

एक कारण म्हणजे कल्पना चटकन उचलल्या जातात. २४ चा रोल, अंगचा फ्लॅश, आपोआप फोकस, सगळं काही वर्षांत सगळ्यांकडे आलं. दुसरं कारण दुकानांचं. १९९० च्या दशकात जपानमध्ये फुजीचा वाटा सुमारे ७० टक्के होता आणि मोठे घाऊक व्यापारी तिच्याशी बांधलेले होते. कोडॅकने त्याविरुद्ध तक्रार केली, अमेरिकेने ते प्रकरण जागतिक व्यापार संघटनेपर्यंत नेलं आणि तिथे अमेरिकेची बाजू टिकली नाही. त्या भांडणात कोनिकाचं नावही फारसं कुणी घेतलं नाही.

सगळ्यात मोठं कारण मात्र कारखान्याच्या स्वभावात आहे. लेप चढवणारं यंत्र प्रचंड रुंद पट्टीवर, प्रचंड वेगाने चालतं. ते चालू करायचं तर एका दमात हजारो रोलांची फिल्म निघते. माल साठवून ठेवता येत नाही, कारण रोलला मुदत असते, साधारण दोन-तीन वर्षांची. मागणी निम्मी झाली म्हणून खर्च निम्मा होत नाही. त्यामुळे हा धंदा ज्याचा खप सर्वांत मोठा त्यालाच स्वस्तात परवडतो, आणि खप घसरू लागला की ज्याचा वाटा लहान त्याच्या पायाखालची जमीन आधी सरकते. २००० नंतर डिजिटल कॅमेऱ्यांनी रोलचा खप दरवर्षी भराभर खाली आणला, तेव्हा कोनिकाकडे कोडॅक किंवा फुजीएवढा जगभरचा पसारा नव्हता.

२००३ मध्ये कोनिका आणि कॅमेरे बनवणारी दुसरी जपानी कंपनी मिनोल्टा एकत्र आल्या. १९ जानेवारी २००६ रोजी कोनिका मिनोल्टाने कॅमेरे आणि फोटो हे दोन्ही धंदे सोडत असल्याचं जाहीर केलं. डिजिटल एसएलआर कॅमेऱ्यांचं काम सोनीकडे गेलं. ओदावाराचा कारखाना दाई निप्पोन प्रिंटिंगने घेतला आणि सेंचुरिया नावाची कोनिकाची शेवटची फिल्म काही काळ त्या कंपनीच्या नावाने विकली गेली. कोनिका मिनोल्टा आजही चालू आहे. तुमच्या ऑफिसातलं मोठं झेरॉक्स-प्रिंटर कदाचित तिचंच असेल, कारण कॉपी काढणारी यंत्रं ती १९७१ पासून बनवते. फिल्मसाठी शिकलेलं पातळ पट्ट्या ओढण्याचं कौशल्यही वाया गेलं नाही. एलसीडी पडद्यांत लागणारी ॲसिटेटची पट्टी ती पुढेही बनवत राहिली.

घर आवरताना एखादा न धुतलेला कोनिकाचा किंवा साकुराचा रंगीत रोल सापडला, तर तो टाकू नका. डबीवर "सीएनके-४" असं काही छापलेलं आहे का ते बघा. ते कंपनीच्या स्वतःच्या धुण्याच्या पद्धतीचं नाव, पण ती पद्धत सगळ्या जगात चालणाऱ्या सी-४१ सारखीच आहे, आणि सी-४१ रोल धुणाऱ्या लॅब अजूनही आहेत. रंग उतरलेले असतील, दाणे वाढलेले असतील. धुण्याआधी डबी उघडू नका, उन्हात ठेवू नका, आणि लॅबवाल्याला रोल किती जुना आहे ते आधी सांगा. निगेटिव्ह हाती आल्यावर प्रिंटपेक्षा आधी ती स्कॅन करून घ्या, म्हणजे उरलेल्या रंगांचा तोल संगणकावर जमवता येईल.